आहाराबद्दलचं संशोधन सारखं का बदलतं, आणि त्यातलं काय धरून चालायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉफी एका वर्षी वाईट ठरते, दुसऱ्या वर्षी हृदयाला चांगली. ॲस्पार्टेम या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम गोड पदार्थाबद्दल एकाच दिवशी ‘कर्करोग होऊ शकतो’ आणि ‘मर्यादेत घेतलं तर चालतं’ अशा दोन्ही बातम्या येतात. तुमच्या पाच महिन्यांच्या मुलीला शेंगदाण्याचं काही कधी द्यायचं, यावर दोन डॉक्टर दोन उत्तरं देतात. मग आहार आणि अन्नसुरक्षेवरच्या संशोधनातलं खरं काय मानायचं?

मी या कामाच्या दोन्ही बाजूंना बरीच वर्षं काढली आहेत. आधी लोक काय खातात याच्या नोंदी घेणाऱ्या अभ्यासांत होते, नंतर अन्नातली विषद्रव्यं आणि जंतू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. त्या अनुभवावरून सांगते: निष्कर्ष वाचण्याआधी त्या लोकांनी मोजलं काय आणि कसं, ते बघा. मोजमाप पक्कं असेल तर उत्तर अनेक दशकं टिकतं. मोजमाप कच्चं असेल तर दर दोन वर्षांनी बातमी उलटते. आणि आहारशास्त्रातलं सगळ्यात कच्चं मोजमाप कुठलं, तर माणसानं काल काय खाल्लं हे.

हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते. ‘चोवीस तासांची आठवण’ अशी एक पद्धत आहे. समोरच्या माणसाला काल उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात गेलेलं सगळं विचारायचं. पहिल्या फेरीत तो आठवेल तसं सांगतो. दुसऱ्या फेरीत हमखास सुटणाऱ्या गोष्टी आपण काढून घेतो: पेयातली साखर, काम करताना तोंडात टाकलेलं काही, मुलाच्या ताटात उरलेलं संपवलं का. मग येतं प्रमाण. टेबलावर मापाचे कप, चमचे, वेगवेगळ्या जाडीच्या कापांचे फोटो मांडलेले असतात. तो म्हणतो, ‘वाटीभर.’ आपण विचारतो, कुठल्या वाटीनं? काठोकाठ की जरा खाली? आणि तेल किती होतं? ज्यानं स्वयंपाक केलेला नाही त्याला तेल माहीत नसतं, आणि ज्यानं केला त्यानं ते मोजलेलं नसतं. पाच मिलिलिटरच्या एका चमचाभर तेलात साधारण ४० कॅलरी असतात. दिवसभरात असे तीनचार चमचे नोंदीतून निसटले की आपण लिहिलेला आकडा दीडशे कॅलरींनी चुकतो, तोही मुलाखत घेणारी व्यक्ती मुरलेली आणि सांगणारा प्रामाणिक असताना.

मोठ्या अभ्यासांत तर एवढंही शक्य नसतं. तिथे लाखभर लोकांना छापील प्रश्नावली देतात: गेल्या वर्षभरात सफरचंद किती वेळा खाल्लं? महिन्यातून एकदा, आठवड्यातून दोनदा, रोज? तुम्ही स्वतःच या प्रश्नाचं उत्तर देऊन बघा. बातम्यांत झळकणारे ‘अमुक खाणाऱ्यांचं आयुष्य वाढतं’ छापाचे बहुतेक निष्कर्ष अशा प्रश्नावल्यांवर उभे असतात.

या नोंदी किती चुकतात हे तपासायची एक सुंदर युक्ती आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड पण निरुपद्रवी समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे जरा जास्त वजनाचे अणू, असलेलं पाणी माणसाला प्यायला देतात. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या रूपात बाहेर पडतो. जड ऑक्सिजन मात्र पाण्यातूनही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो. पुढचे एक-दोन आठवडे लघवीचे नमुने घेऊन दोन्ही किती वेगानं घटतात ते पाहिलं की फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला, म्हणजेच किती ऊर्जा खर्च झाली, ते निघतं. वजन स्थिर असेल तर खर्च झालेली ऊर्जा ही खाल्लेल्या ऊर्जेइतकीच असणार. १९८० च्या दशकापासून ही पद्धत माणसांवर वापरली जाऊ लागली आणि लगेच दिसलं, की लोक प्रत्यक्ष खातात त्यापेक्षा कमी सांगतात. ज्यांचं वजन जास्त असतं त्यांच्या सांगण्यात ही तूट सहसा अधिक असते. चूक सगळ्यांची सारखी असती तर ती गणितानं सावरता आली असती. पण ती ज्या आजारांचा आपण अभ्यास करतोय त्यांच्याशीच बांधलेली निघाली, आणि तिथे संख्याशास्त्र फार मदत करत नाही.

मिठाच्या बाबतीत याच्या उलट परिस्थिती आहे. खाल्लेल्या सोडियमचा बहुतेक भाग लघवीतून बाहेर येतो, त्यामुळे चोवीस तासांची लघवी गोळा केली की आठवणीवर विसंबावं लागत नाही. त्यातच २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४१२ लोकांना संशोधकांनीच तयार केलेलं अन्न देऊन सोडियमच्या तीन पातळ्या प्रत्येकी ३० दिवस राखल्या. जसजसं सोडियम कमी केलं तसतसा रक्तदाब उतरला. अगदी कमी मीठ कुणाला कितपत हितकारक यावर वाद आहेत, पण जास्त मिठानं रक्तदाब चढतो हे विधान इतकी वर्षं हललेलं नाही.

दुसरी अडचण अशी, की खाणं एकटं येत नाही. जो रोज भाज्या-फळं खातो तो बहुधा धूम्रपान कमी करतो, चालायला जातो, त्याच्याकडे पैसा आणि वेळ थोडा जास्त असतो. त्याचं आरोग्य चांगलं असेल तर श्रेय कुणाला द्यायचं? संशोधक आकडेमोडीनं हे घटक वेगळे काढायचा प्रयत्न करतात, पण जे मोजलंच नाही ते वेगळं काढता येत नाही.

याचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण बीटा-कॅरोटिनचं आहे. गाजरासारख्या केशरी भाज्यांत आणि हिरव्या पालेभाज्यांत असणारं हे द्रव्य. ज्यांच्या आहारात आणि रक्तात ते जास्त होतं त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं अनेक निरीक्षणांत दिसलं होतं. प्रयोगशाळेतली कारणमीमांसाही जुळत होती. मग फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, बाकीच्यांना नाही. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत अशीच एक चाचणी १८,३१४ लोकांवर चालू होती, धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले लोक. तिथे बीटा-कॅरोटिनसोबत अ जीवनसत्त्वही दिलं जात होतं. कर्करोगाचं प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त दिसल्यावर ती चाचणी १९९६ च्या जानेवारीत, ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली.

यातून गाजर वाईट ठरत नाही. ठरतं ते एवढंच, की अन्नातून काढून गोळीत भरलेलं द्रव्य, आहारात मिळतं त्याच्या कितीतरी पट मात्रेत, धूम्रपानानं आधीच दुखावलेल्या फुप्फुसात गेलं की निराळं वागतं. चाचणी झाली नसती तर ही गोळी आजही धूम्रपान करणाऱ्यांना ‘संरक्षण’ म्हणून विकली गेली असती. म्हणून ‘नैसर्गिक आहे, घेऊन बघायला काय हरकत’ असं कुणी म्हटलं की मला बरं वाटत नाही.

चाचणीनं पक्कं उत्तर दिल्याचंही उदाहरण घ्या. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. ती नीट बंद झाली नाही तर गंभीर व्यंग येतं. ज्यांच्या आधीच्या गर्भारपणात असं झालं होतं अशा १,८१७ स्त्रियांना सात देशांतल्या ३३ केंद्रांत वेगवेगळ्या गटांत विभागून काही गटांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं. १९९१ मध्ये निकाल आला: व्यंग पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. इथे पदार्थ एकच होता, मात्रा ठाऊक होती, कोणाला काय मिळतंय हे झाकता येत होतं आणि परिणाम काही महिन्यांत, नि:संदिग्ध दिसत होता. म्हणूनच गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घ्यायचा सल्ला आजही तसाच आहे. ज्यांना आधी असा त्रास झालेला नाही त्यांच्यासाठी मात्रा याहून बरीच कमी, रोज ०.४ मिलिग्रॅम असते. ४ मिलिग्रॅमची गोळी आपल्या मनानं घेऊ नये.

संपूर्ण आहाराची अशी चाचणी करणं फार कठीण. वीस वर्षं कुणाला काय खायचं ते ठरवून देता येत नाही आणि आपण काय खातोय हे खाणाऱ्यापासून लपवताही येत नाही. तरी अलीकडे एक काम फार देखणं झालं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० प्रौढांना चार आठवडे संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे बहुतांशी कारखान्यात तयार झालेलं अन्न, दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेलं. समोर मांडलेल्या अन्नातल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू, मीठ दोन्हीकडे जवळपास सारखे. खा हवं तेवढं. २०१९ मध्ये निकाल आले: अतिप्रक्रियायुक्त आहारावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.९ किलो वाढलं. दुसऱ्या आहारावर तेवढंच घटलं. इथे आठवणीचा प्रश्नच नव्हता, ताटात काय गेलं आणि काय परत आलं ते वजन करून लिहिलं होतं. अर्थात माणसं वीसच, काळ दोन आठवड्यांचा. वाढलेलं खाणं नेमकं कशामुळे, खाण्याच्या वेगामुळे की घासातल्या कॅलरींच्या दाटपणामुळे, हे यातून सुटत नाही. पण माझ्या मते पाच लाख लोकांच्या प्रश्नावलीपेक्षा ही वीस माणसं जास्त सांगून जातात.

आता ॲस्पार्टेम. इथे घोटाळा दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र केल्यानं होतो. ‘हा पदार्थ कुठल्याही परिस्थितीत कर्करोग घडवू शकतो का, आणि त्याचा पुरावा किती भक्कम आहे?’ हा एक प्रश्न. ‘लोक प्रत्यक्षात खातात तेवढ्यानं धोका किती?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था देते. दुसऱ्याचं उत्तर अन्नातल्या मिश्रकांवरची जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ समिती देते. ती १९५६ पासून हे काम करते आहे. जुलै २०२३ मध्ये दोघांचे निष्कर्ष एकत्र जाहीर झाले. पहिल्या संस्थेनं ॲस्पार्टेमला ‘कदाचित कर्ककारक’ गटात टाकलं, कारण पुरावा मर्यादित असला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. समितीनं रोजची मान्य मर्यादा आधीचीच ठेवली: शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे ७० किलोच्या माणसाला २,८०० मिलिग्रॅम. डाएट शीतपेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असेल असं धरलं तर ९ ते १४ कॅनहून जास्त, तेही रोज. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

ही मर्यादा येते कुठून? प्राण्यांना वेगवेगळ्या मात्रा दीर्घकाळ देतात आणि ज्या सर्वोच्च मात्रेला काहीही अपाय दिसत नाही ती शोधतात. मग तिला सहसा १०० नं भागतात. माणूस प्राण्यापेक्षा दहापट संवेदनशील असेल असं धरून १०, आणि माणसामाणसांत दहापट फरक असेल असं धरून आणखी १०. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी १९५४ मध्ये मांडलेला हा शंभरचा भाजक आजही वापरात आहे. म्हणून एखाद्या दिवशी मर्यादा थोडी ओलांडली म्हणजे विषबाधा झाली असं होत नाही. ती आयुष्यभर रोज घेण्यासाठीची मर्यादा आहे.

याच गोंधळाचा दुसरा नमुना २०१५ चा. त्याच कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या, म्हणजे ‘कर्ककारक’ गटात टाकलं, तंबाखूच्याच गटात. गट सांगतो पुरावा किती पक्का आहे, पदार्थ किती घातक आहे ते नाही. रोज ५० ग्रॅम खाण्यामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम १८ टक्क्यांनी वाढते असा अंदाज त्यांनी दिला होता. समजा शंभरातल्या पाच जणांना हा आजार आयुष्यात कधीतरी होणार असेल, तर सगळ्यांनी रोज तेवढं खाल्ल्यास ते पाचाचे साधारण सहा होतील. ही वाढ खरी आहे, सरकारी धोरणासाठी मोठीही आहे. पण तंबाखूशी तिची तुलना होऊ शकत नाही. बातमीत ‘इतक्या टक्क्यांनी वाढ’ दिसली की ‘मुळात किती होतं?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अन्नसुरक्षेकडे वळते. इथे मोजमाप बरंच पक्कं असतं, पण तेही फुकट मिळत नाही. अफ्लाटॉक्सिनचं बघा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेतल्यावर कारण निघालं खाद्यातली शेंगदाण्याची पेंड, आणि तिच्यावर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष. हे विष यकृतावर जातं आणि यकृताचा कर्करोग घडवतं. ज्याला हेपॅटायटिस बीचा संसर्ग आहे त्याला धोका कितीतरी पट वाढतो. नेहमीच्या शिजवण्या-भाजण्यानं ते पुरतं नष्ट होत नाही. दुभत्या जनावरानं असं खाद्य खाल्लं तर त्याचं रूपांतरित रूप दुधात उतरतं. अशा विषाला ‘इतक्या खाली पूर्ण सुरक्षित’ अशी रेघ काढता येत नाही, म्हणून धोरण असतं ते शक्य तितकं कमी ठेवण्याचं. पुढील प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्यांना कोडेक्सची, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या आयोगाची, मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. हजार टनांत १५ ग्रॅम.

आजची यंत्रं एवढं कमी प्रमाण व्यवस्थित मोजतात. खरी पंचाईत नमुना घेण्यात आहे. बुरशी सगळ्या दाण्यांवर सारखी नसते. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्याच दाण्यात इतकं विष असतं की त्याच्यामुळे अख्खा नमुना मर्यादेबाहेर जातो. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर दाणे घेतले तर तो दाणा सापडायचा नाही, आणि रिपोर्ट येईल ‘निर्दोष’. म्हणून एकाच लॉटमधून ठिकठिकाणांहून, वरून-मधून-तळातून थोडं थोडं घेऊन कित्येक किलोंचा नमुना करायचा, तो सगळाच्या सगळा बारीक दळायचा, पाणी घालून एकजीव लगदा करायचा आणि मग त्यातला चमचाभर तपासायचा. कुणी ‘आम्ही लॅबमधून तपासून घेतलंय’ असं प्रमाणपत्र दाखवलं तर माझा पहिला प्रश्न असतो, नमुना कुणी आणि कसा घेतला? प्रयोगशाळेत आणून दिलेल्या पाकिटाचा रिपोर्ट त्या पाकिटापुरताच असतो.

हीच अडचण अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमात आली होती. १९६० च्या दशकात अंतराळवीरांचं अन्न बनवणाऱ्या पिल्सबरी कंपनीच्या लक्षात आलं, की तयार माल तपासून सुरक्षिततेची खात्री करायची तर जवळपास सगळा मालच तपासणीत खर्ची पडेल. त्यातून पुढे आज जगभर वापरात असलेली पद्धत उभी राहिली: माल तपासत बसण्यापेक्षा धोका कुठल्या पायरीला शिरतो ते शोधा, आणि त्या पायरीवर तापमान, वेळ, आम्लता सतत मोजा.

मोजमाप चुकीच्या गोष्टीचं असेल तर काय होतं, हे २००८ मध्ये चीनमध्ये दिसलं. दुधातली प्रथिनं थेट मोजत नाहीत. १८८३ मध्ये केल्डाल या रसायनशास्त्रज्ञानं दिलेल्या पद्धतीनं नायट्रोजन मोजतात आणि ठरावीक आकड्यानं गुणतात. मेलामाइन या औद्योगिक रसायनात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. पाणी मिसळलेल्या दुधात ते घातलं की चाचणीत प्रथिनं भरपूर दिसतात. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, मूत्रपिंडात खडे झाले, सहा बाळं दगावली. चाचणी होत असतानाही हे घडू शकलं, कारण चाचणी विचारत होती ‘नायट्रोजन किती?’ आणि सगळे समजत होते ‘प्रथिनं किती?’

तरीही घरात तुम्ही काळजी कशाची करावी असं विचाराल तर मी मिश्रकांची किंवा ॲस्पार्टेमची म्हणणार नाही, जंतूंची म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार दूषित अन्नानं वर्षाला सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. मृतांपैकी १ लाख २५ हजार पाच वर्षांखालची मुलं. आणि हा असा विषय आहे ज्यात कारणं, तापमानं, वेळा सगळं नेमकं माहीत आहे.

दोन गैरसमज मला वारंवार भेटतात. पहिला, वास बरा आहे म्हणजे अन्न चांगलं आहे. अन्न नासवणारे जंतू आणि आजारी पाडणारे जंतू बहुधा वेगळे असतात. दुसऱ्या प्रकारचे वासाला, चवीला काहीच जाणवू देत नाहीत. दुसरा, पुन्हा खळखळून उकळलं की सगळं मरतं. जंतू मरतात, त्यांनी आधीच तयार केलेलं विष मात्र मरेलच असं नाही. बॅसिलस सीरियस हा भातासारख्या पिष्टमय अन्नात सापडणारा जंतू. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातलं त्याचं सुप्त रूप, शिजवताना तगतात, अन्न कोमट राहिलं की रुजतात आणि वाढताना उलट्या घडवणारं एक विष सोडतात. ते १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकतं. स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जंतूचं विषही उकळण्याला दाद देत नाही. म्हणून प्रश्न पुन्हा किती तापवलं याचा नसतो, मधल्या वेळात अन्न किती काळ कोमट होतं याचा असतो.

५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा जंतू ४३-४५ अंशांच्या आसपास दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. दहा मिनिटं धरली तरी तासात चौसष्टपट, दोन तासांत चार हजारपट. शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये या सल्ल्यामागे हे गणित आहे. आणि फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे लगेच थंड झालं असंही नाही. दाट पदार्थाच्या थराची जाडी दुप्पट केली तर मधला भाग थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये सारलं तर मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो. तोच पदार्थ पसरट, उथळ भांड्यांत दोन-तीन बोटं जाडीचा काढून ठेवला तर प्रश्न मिटतो.

लिस्टेरिया या जंतूची गोष्ट निराळी, तो फ्रिजमध्येही सावकाश वाढतो आणि खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत ७० दिवसांपर्यंतही जाऊ शकतात. गर्भवतींना न तापवलेलं दूध आणि त्यापासून केलेलं मऊ चीज टाळायला सांगतात ते त्याच्यामुळे.

राहिली तुमची मुलगी आणि शेंगदाणे. तुमच्या दोन डॉक्टरांत जे अंतर आहे ते बहुधा वर्षांचं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २००० साली सांगितलं होतं, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका. त्याला चाचणीचा आधार नव्हता, तर्काचा होता, आणि २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. त्याच वर्षी एका तुलनेत दिसलं, की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के होती, तर इस्रायलमध्ये, जिथे बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ खातात, ०.१७ टक्के. निरीक्षणच ते, बीटा-कॅरोटिनसारखं फसवंही निघू शकलं असतं. म्हणून गिडियन लॅक यांच्या गटानं चाचणी केली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं. निम्म्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत नियमित शेंगदाण्याचं अन्न, निम्म्यांना पूर्ण बंद. २०१५ मध्ये निकाल आला. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत प्रतिक्रिया नसलेल्या बाळांपैकी टाळणाऱ्यांत १३.७ टक्क्यांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत १.९ टक्क्यांना. इतका मोठा फरक आहारशास्त्रात क्वचित दिसतो, आणि २०१७ पासूनच्या मार्गदर्शक सूचना त्यावरच आधारलेल्या आहेत.

तेव्हा मुलीला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आपल्या मनानं सुरू करू नका. आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या आणि पहिला घास त्यांच्या देखरेखीखाली द्या. तसं काही नसेल तर सहा महिन्यांच्या सुमारास वरचं अन्न सुरू कराल तेव्हा त्यासोबतच शेंगदाणेही सुरू करता येतील. द्यायचे ते अगदी गुळगुळीत वाटून, पातळ करून, आधी चमच्याच्या टोकावर जरासं. दिवसाउजेडी, ती ठणठणीत असताना, आणि नंतर दोन तास तिच्याजवळ राहा. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलट्या, श्वासाला त्रास यांपैकी काही दिसलं तर थेट दवाखाना. काही झालं नाही तर आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा, कारण चाचणीतल्या बाळांनी ते सातत्यानं खाल्लं होतं, एकदा चाखून सोडून दिलं नव्हतं. दाणे विकत घेताना सुरकुतलेले, रंग गेलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून टाका आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. अख्खा किंवा तुटका दाणा पाच वर्षांची होईपर्यंत देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि वाटण गोड करायला मध घालायचा विचार असेल तर वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबा, मधात बोटुलिझम ही गंभीर विषबाधा घडवणाऱ्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ते रुजतात.